खांद्याचा झोळ

नर्सने टेलरमास्तरांच्या मुलीला दवाखान्याचा झगा घातला आणि मास्तरांची नजर आधी खांद्यावर गेली. झगा डाव्या खांद्यावरून निसटून लोंबत होता.

मास्तर म्हणजे असे-तसे शिंपी नव्हेत. त्यांच्याकडे उंट मापं द्यायला आला, तर कोट घालून घोडा होऊन बाहेर पडेल, असं अख्खी पेठ सांगायची. थोडंफार खोटं असेल त्यात. पण फार नाही.

डॉक्टरांनी पाठीचा एक्स-रे फोटो उजेडावर धरला. मणक्याच्या हाडातच गाठ होती, लाखात एखाद्याला होते तशी. रात्री पाठ ठणकते, गोळी घेतली की थांबते आणि पाठीला हळूहळू बाक येतो, ही तिचीच लक्षणं, असं ते समजावत होते. आता ती गाठ मज्जारज्जूवर दाब आणत होती, म्हणून पाय बधिर. उद्या गाठ काढायची. पोरगी पुन्हा चालेल का, या प्रश्नावर ते होही म्हणाले नाहीत आणि नाहीही.

"एवढा बाक एका दिवसात येत नाही," डॉक्टर म्हणाले. "घरात कुणाच्याच नजरेला पडला नाही?"

सगळ्यांत आधी मास्तरांच्याच तर नजरेला पडला होता. पोरीच्या शर्टाला डावीकडे झोळ येतोय, हे पाहून त्यांनी खांदा उसवला आणि आत कापसाची पातळ गादी घातली. पुढच्या शर्टाला जरा जाड. त्याच्या पुढच्याला आणखी. वाढत्या वयात पोरं थोडी इकडेतिकडे वाढायचीच, म्हणाले. मग पोरगी शाळेत ताठ दिसली, आरशात ताठ दिसली, तिच्या आईलाही ताठच दिसली.

डॉक्टरांनी खुर्चीवर काढून ठेवलेला पोरीचा शर्ट उचलला. डावा खांदा चिमटीत धरून दाबला आणि शर्ट परत ठेवला.

"बाबा," पोरगी पलंगावरून म्हणाली, "हा झगा कुठल्या अडाण्याने शिवलाय? जरा नीट करून दे ना. उद्या आत नेताना सगळे बघतील."

मास्तरांचा हात सवयीने पुढे गेला. खांद्यावरचं जास्तीचं कापड त्यांनी चिमटीत गोळा केलं. दोन टाके घातले असते तर झालं असतं. कापडाखालचं हाड बोटांना लागलं.

त्यांनी चिमूट सोडली. झोळ होता तिथे पडला.