मुळाबरहुकूम

सकाळचं ऊन खिडकीच्या गजांमधून आत आलं, ते कसलीच घाई नसल्यासारखं. आधी समोरच्या भिंतीवर उंच टेकलं, मग हळूहळू उतरत टेबलाच्या कडेशी आलं. गोंदाच्या बाटलीतून पिवळसर होऊन पुढे सरकलं, जहाजाच्या अर्धवट प्रतिकृतीच्या शिडांवर रेंगाळलं आणि शेवटी त्याने लिहिलेल्या नियमांवर पसरलं. धुळीचे कण त्यात तरंगत राहिले. तो पाहत बसला. पाहून त्याला काहीच वाटलं नाही.

बायकोने चहा आणून ठेवला. तो जागा होई तेव्हा पलंगाची तिची बाजू नेहमीच गार असे. बायको फार लवकर उठते, असं तो लोकांना कौतुकाने सांगे.

"आज निकाल ना?"

"हो."

"शंका आली तर मूळ जागा बघायला जाता म्हणे तुम्ही परीक्षक."

"नियमच आहे तसा. मीच घातलाय."

"बरं केलंत," ती म्हणाली आणि आत गेली.

गेल्या वर्षी परीक्षकाच्या मित्राला स्पर्धेची ढाल मिळाली आणि हौशी लोकांचं प्रतिकृती मंडळ फुटायची वेळ आली. यंदाचे निकष त्याने लिहिले होते. नावं झाकायची, फक्त क्रमांक ठेवायचे. निम्मे गुण प्रमाणाला, निम्मे मुळाशी राखलेल्या इमानाला. ज्याचं मूळ दाखवता येणार नाही, ती प्रतिकृती बाद. एका जरी निकालावर कुणी बोट ठेवलं, तर मंडळ सोडीन, असं त्याने सर्वांसमक्ष सांगितलं होतं. आणि मंडळाखेरीज त्याच्यापाशी आता फारसं काही उरलं नव्हतं.

सभागृहात नऊ क्रमांकाच्या प्रतिकृतीपाशी तो थबकला. छप्पर काढलेलं स्वयंपाकघर, वरून पाहायचं. ओटा, डागाळलेली मोरी, खिळ्याला अडकवलेलं फडकं. ओट्याशेजारी जमिनीवर अंथरूण; उशीशी चष्मा आणि गजराचं घड्याळ.

"पहिलं बक्षीस हेच," बरोबरचे परीक्षक, दातांचे डॉक्टर, म्हणाले. "काय हात आहे! माझा असा असता, तर पेशंट हसत हसत दात काढून घेते."

"बाद."

"अहो मिलिमीटर! का?" मंडळात त्याला याच नावाने हाक मारत.

"स्वयंपाकघरात कुणी झोपतं का?"

"जागा नसेल बिचाऱ्यांना."

"आहे की. हे दार पलीकडच्या खोलीत उघडतंय. खोली असताना माणूस मोरीशी पाठ टेकेल? हे मुळाबरहुकूम नाही. कीव यावी म्हणून रचलंय."

"मला तर अगदी खरं वाटलं. कुठंतरी पाहिल्यासारखं."

"स्वयंपाकघरं सगळी सारखीच असतात."

डॉक्टरांनी खांदे उडवले. "मग तुमच्याच नियमाने जाऊ. मूळ दाखवा म्हणू. बोलवा नऊ नंबरला."

शिपायाने बाहेर पुकारा केला. दार उघडून बायको आत आली. तिच्या बोटांवर वाळलेला गोंद होता.

"वहिनी, तुम्ही?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. डॉक्टरांनाच म्हणाली, "मूळ बघायचंय ना? चला. फार लांब नाही."

डॉक्टर उठले. त्याने हातातली मोजपट्टी उलगडली, पुन्हा मिटली. मोजण्यासारखं काही नव्हतं. ती त्याच्या खोलीतून केव्हाच ओट्याशेजारी झोपायला निघून गेली होती, आणि ते त्याला ती गेली त्या रात्रीपासून ठाऊक होतं.