एक्केचाळीस सेवापुस्तकं

रायपूर राजधानी झालं आणि सगळ्यांना घाई सुटली. भोपाळहून आलेल्या कर्मचाऱ्यांच्या नोंदी कॉम्प्युटरवर भरताना, स्वतःही भोपाळहूनच आलेले साहेब म्हणाले, “पद्मजाताई, लॉगिंग बंद करून टाका, काम लवकर होईल. गुरुवारी उद्घाटन आहे.” प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं हे लॉगिंग चालू असलं तरच बिघडलेला डेटा परत उभा करता येतो. मी लेखी आदेश मागितला. ते नुसते हसले. शेवटी मी लॉगिंग बंद केलं.

पुढल्या महिन्यात डिस्क गेली. बॅकअप लावला, तर लॉगिंगविना भरलेले डेटाचे ब्लॉक खराब निघाले. एक्केचाळीस माणसांच्या नोंदी गेल्या आणि ठपका माझ्यावर आला.

“कागद तर आहेत,” म्हणत मी त्यांची सेवापुस्तकं मागवली. दप्तरी शेखरभैयांनी गठ्ठा सोडला आणि ते थबकले. “ताई, हे कोरे काहून?”

पान न् पान कोरं. फोटोच्या जागी फक्त डिंकाचा डाग. चाळीस पाहिली, सगळी तशीच.

एक्केचाळिसावं उघडलं, तेवढ्यात घामाघूम झालेले एक गृहस्थ टेबलाशी आले. “ताई, मस्टरवर माझं नावच नाही! लॉगिंग बंद करा म्हणून मीच तर तुम्हाले सांगितलं होतं!”

शेखरभैयांनी माझ्याकडे पाहिलं. “कोन आहेत हे?”

साक्षीदारासमोर अखेर कबुली मिळाली होती. त्या चेहऱ्याकडे मी पुन्हा पुन्हा पाहिलं. पण कबुली देणारा कोण, ते मला काही केल्या आठवेना.