वाळूखालचा मासा

"मोरीच्या तोंडार ही बारीक भोकां कसली गो?" शेवंतीकाकीने सुरी थांबवून विचारलं. मालवणच्या मासळी बाजारात ती मोऱ्या, म्हणजे लहान शार्क, कापून विकते आणि मुंडकी माझ्या अभ्यासासाठी बाजूला ठेवते. सहा महिने मी ती भोकं मोजतेय. या परक्या गावात माझ्या कामाबद्दल कुणीतरी विचारावं, याची तेव्हापासून वाट बघत होते.

मी भरभरून सांगितलं. "छोटा मासा वाळूत लपून कितीही गप्प पडला, तरी त्याचं काळीज चालूच असतं ना? त्यातून जराशी वीज पाण्यात पसरते. मोरीला ती या भोकांतून जाणवते. काही दिसत नाही, ऐकू येत नाही, तरी खाली कुणीतरी आहे हे तिला कळतं."

"नुसता जवळसून गेला तरी?"

"नुसतं जवळून गेलं तरी."

काकीने मुंडकं पिशवीत घालून माझ्या हातात दिलं. "सोमवार-मंगळवार मी तापान पडान होतंय," ती म्हणाली. "दार उघडाच होता."

तिचं घर माझ्या खोलीच्या वाटेवरच आहे. त्या दोन्ही दिवशी मी तिथून चार वेळा गेले होते.

खोलीवर येऊन मी वही उघडली. सोमवारच्या पानावर माझ्याच अक्षरात होतं, 'नमुना मिळाला नाही.'

मंगळवारी नुसतंच, 'वरीलप्रमाणे.'