मागायचं कसं

"मामा, पाया पडते तुमच्या. एखादं तरी पुस्तक मागा," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

म्हातारे शिंपीमामा खिडकीपाशी वाचत बसले होते. त्यांनी चष्म्यावरून आधी बाईंकडे पाहिलं, मग रिकाम्या कपाटांकडे, आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं.

आसपासच्या गावांतली वाचनालयं कॉम्प्युटरने जोडली, तेव्हा बाईंना कोण आनंद झाला होता. नियम साधा होता. दुसऱ्या गावच्या वाचकाने मागितलं की पुस्तक पाठवायचं. वाचून झालं की ते तिथेच राहायचं, पुन्हा कुणी मागेपर्यंत. बाईंचा हात मोकळा. मागणी आली की पुस्तक पुसून, कागदात बांधून रवाना. इथले वाचक मात्र कपाटात असेल ते मुकाट्याने वाचणारे. दुसरीकडून मागवायचं म्हटलं की त्यांच्या जिवावर यायचं. पुस्तकं गेली ती गेलीच. आता जेमतेम एक फळी उरली होती. वरच्या साहेबांनी सकाळीच फोनवर सुनावलं, पुस्तकंच नाहीत तर वाचनालय कसलं, महिनाअखेर कुलूप लावा.

तेव्हापासून बाई येईल त्याला गळ घालत होत्या. कुणी हसून वेळ मारून नेली, कुणी बघू म्हणालं. बाईंना राग येत होता तो त्यांचाही आणि स्वतःचाही.

"अहो, दार बंद होईल हे. मग बसाल कुठे?"

मामांनी ओळीवर बोट ठेवलं. "कळतं हो बाई. पण मागायचं कसं? तिथे कुणीतरी वाचत असेल ना."

तेवढ्यात कॉम्प्युटर वाजला. मागणी आली होती. बाईंनी पुस्तकाचं नाव वाचलं आणि मामांकडे पाहिलं. मामांच्या हातातलंच पुस्तक होतं ते.

सांगायची गरज पडली नाही. मामांनी खुणेचा दोरा काढून खिशात टाकला, बाहीने पुस्तक पुसलं आणि टेबलावर आणून ठेवलं. त्यांचं अजून अर्धंही झालं नव्हतं.

बाईंना रडू आवरेना. "निदान हे तरी परत मागा. आत्ताच्या आत्ता. मी घालते तुमचं नाव."

मामा रिकाम्या हातांनी खिडकीपाशी जाऊन बसले.

"त्यांचं वाचून तर होऊ द्या, बाई," ते म्हणाले. "मी थांबतो."