तांदळातली किल्ली

पहाटे साडेचारला खंडेरावाने खाकी शर्टाची बटणं लावत खुंटीकडे हात नेला, तर मोटारसायकलची किल्ली जागेवर नव्हती. त्याची आई बयाबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "मीच लपवली. पेट्रोल परत वाढलं, तरी तू आपला टाकी भरतोच. आजपासून बसनं जाय. ड्रायव्हरला पास फुकट हाय ना?" दिवस उजाडायच्या आधीच दमलेला खंडेराव पाटावर टेकला. "आई, आपल्या गावातून पहिली बस कधी निघते?" "सहाला." "ती नाशिकच्या डेपोतून इथवर आणतं कोण?" बयाबाईचा हात भाकरीवर थांबला. "तूच," ती पुटपुटली. "मग येताना तरी बसनं ये." "अन् मोटारसायकल डेपोत ठेवून आलो, तर उद्या पहाटे कशानं जाऊ?" तिने तांदळाच्या कोठीत कोपरापर्यंत हात घातला, किल्ली काढली, पदराला पुसली आणि त्याच्या भाकरीच्या डब्यावर ठेवून दिली.