चढं गाणं

पत्नीच्या माघारी दौलतरावांनी नाशिकच्या घरातल्या साऱ्या कॅसेटी संगणकावर उतरवून घेतल्या. काही गाणी पुटपुटत, काही दणक्यात वाजत. माहेरी आलेली तृप्ती सगळ्यांचा आवाज सारखा करत बसली होती.

"बाबा, आता दर गाण्याला उठून बटण पिळायला नको."

"ते शेवटचं तेवढं राहू दे. आहे तसंच."

"अहो, ते केवढ्यांदा वाजतं! आई आतून ओरडायची, 'गणपती बसवलाय का घरात?'"



दुसऱ्या दिवशी तृप्ती मालेगावला परतली. संध्याकाळी गाणी एकसारख्या आवाजात वाजत राहिली आणि शेवटचं एकदम दणाणलं. बटणावर हात ठेवून दौलतराव स्वयंपाकघराकडे पाहत थांबले. गाणं संपेपर्यंत त्यांनी आवाज कमी केला नाही.