शनिवारपर्यंतचा रस्ता

"अहो, परत वाहून गेला!" शोभाताई ट्रॅक्टरवरूनच ओरडल्या.

दिगंबरराव पोर्चवरच्या खुर्चीत चहा पीत होते. "काय वाहून गेलं?"

"रस्ता! मधोमध ओढा झालाय नुसता."

"हात जड पडतोय तुझा," दिगंबरराव म्हणाले. "पुन्हा कर. तीन दिवस आहेत अजून."

फाटकापासून घरापर्यंतचा हा खडीचा रस्ता तसा गेली दोन-तीन वर्षं खराबच होता, पण एप्रिलमध्ये तो पार जिवावरच बेतला. दिगंबररावांच्या छातीत दुखायला लागलं आणि ॲम्ब्युलन्स दारात यायच्या ऐवजी खड्ड्यात रुतून बसली. ते वाचले ते नशिबाने. मग केदारने, म्हणजे मुलाने, डॅलसजवळच्या अर्विंगहून फोन करून अट घातली.

"आई, मी शनिवारी येतो. माझी कार धक्का न खाता दारापर्यंत आली तर तुम्ही तिथे राहा. नाहीतर घर विकायचं आणि इकडे आमच्याजवळ अपार्टमेंटमध्ये यायचं. फायनल."

अपार्टमेंट! शोभाताईंच्या अंगावर काटा आला. डॅलसपासून दीड तासावरच्या या पाच एकरांत त्यांनी बावीस वर्षं घातली होती. टेक्सासच्या असल्या उन्हात अळू जगवणं म्हणजे खायचं काम आहे का? आणि दिगंबरराव तर मंडळाच्या गणपतीत माइक हातात घेऊन सगळ्यांसमोर म्हणाले होते, "मी या घरातून जाईन तो चौघांच्या खांद्यावरच." काय टाळ्या पडल्या होत्या! त्यांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हे शोभाताईंनी तेव्हाच मनाशी पक्कं केलं होतं.

डॉक्टरांनी दिगंबररावांना ट्रॅक्टरवर बसायला बंदी केली, म्हणून अडुसष्टाव्या वर्षी शोभाताई बसल्या. सलवार-कमीज, डोक्यावर कॅप, पायात नातवाचे जुने बूट. शेडमध्ये ट्रॅक्टरमागे जोडायची दोन अवजारं होती. एक बॉक्स ब्लेड, म्हणजे तळ नसलेली लोखंडी पेटी, तिला जमीन उकरायचे दाते. दुसरं रिअर ब्लेड, साधी लांब पट्टी, हवी तशी तिरकी करता येणारी.

यातलं कुठलं लावायचं, हे शोभाताईंनी यूट्यूबवर पाहिलंसुद्धा नाही. पस्तीस वर्षं हायवे बांधलेला माणूस घरात असताना जगाला कशाला विचारायचं? आणि तसंही, नवऱ्याने सांगितलेल्या हिशोबावर शंका घ्यायची त्यांना सवयच नव्हती.

"बॉक्स ब्लेड लाव," दिगंबरराव म्हणाले होते. "दाते खाली घे, मधलं उकर, खडी कडांना जाऊ दे. मध्ये खोलगट राहिलं की पाणी तिथून निघून जातं."

शोभाताईंनी अगदी तस्संच केलं. तीनदा केलं, तीनदा पाऊस आला, तीनदा रस्ता वाहून गेला. आपला हातच वाईट, असं म्हणत त्या चौथ्यांदा ट्रॅक्टरवर चढल्या.

गुरुवारी सुनेचा, अंतराचा, फोन आला. "आई, तुमच्या बेडरूमला पडदे क्रीम घेऊ की ग्रीन? इकडे सेल लागलाय."

"कुठली बेडरूम गं?"

"ओह... सॉरी आई. केदार बोलेल तुमच्याशी."

शोभाताईंनी फोन ठेवला. म्हणजे सगळं आधीच ठरलंय! शनिवारची अट, रस्ता, ही सगळी नाटकं! पोटच्या पोराने केसाने गळा कापावा? त्यांना रडू आवरेना. दिगंबररावांना सांगितलं तर ते चष्मा पुसत एवढंच म्हणाले, "पोरं अशीच असतात गं. तू मनाला लावून घेऊ नकोस." आणि आत निघून गेले. तेही दुखावलेत, हे शोभाताईंना दिसत होतं.

शुक्रवारी दुपारी शेजारचा म्हातारा डेल पिकअप थांबवून बघत राहिला. "शोभा, मधलं का उकरतेस? मध्य कासवाच्या पाठीसारखा उंच हवा, म्हणजे पाणी दोन्ही कडांना उतरतं. ती पेटी काढ. पट्टी लाव, तिरकी धर आणि कडेची खडी मध्ये ओढ. तुला उलटं कुणी शिकवलं?"

शोभाताईंनी ट्रॅक्टर बंद केला. बिचारे! एवढा मोठा इंजिनिअर आणि साध्या रस्त्याचा उतार विसरला. आजारपण काय काय नेतं माणसाचं! हे त्यांना कधीही कळू द्यायचं नाही, असं शोभाताईंनी ठरवलं आणि दिगंबरराव आत झोपले होते तेवढ्यात डेलच्या मदतीने रिअर ब्लेड लावलं. संध्याकाळपर्यंत रस्ता डेलने सांगितला तसा झाला. मग पाऊस आला, चांगला तासभर कोसळला.

शनिवारी सकाळी केदारची कार फाटकातून सुळकन दारापर्यंत आली. कुठे डबकं नाही, कुठे धक्का नाही.

"आई, हे तू केलंस?" केदार उतरून बघतच राहिला.

"तुझ्या बाबांनी शिकवलं," शोभाताई ताठ मानेने म्हणाल्या. "इतक्या आजारपणातसुद्धा. आणि अंतराला सांग, पडदे परत कर म्हणावं. आम्हाला फसवायला निघालात, लाज नाही वाटत?"

केदारने नुसतं बाबांकडे बघितलं. चोर सापडला की असाच गप्प बसतो, असं म्हणत शोभाताई आत गेल्या. किती दिवसांनी त्यांना हलकं वाटत होतं! त्यांनी थालीपिठाचं पीठ भिजवायला घेतलं आणि वारा यावा म्हणून पोर्चवरची खिडकी उघडली.

बाहेर दिगंबरराव दबक्या आवाजात बोलत होते. "केदार, पंचाईत झाली रे. अपार्टमेंटवर तर मी मागच्याच महिन्यात सही केलीय. मी सांगितलं तसं तिने केलं असतं ना, तर हा रस्ता कधीच टिकला नसता."